चावी खुंटीवर, गाडी पसार

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमला लागून असलेल्या सोलिहल शहरात २०१७ च्या सप्टेंबर महिन्यात एका घरापुढून मर्सिडीज गाडी चोरीला गेली आणि घरावरच्या कॅमेऱ्याने ती चोरी टिपली. वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी नोव्हेंबरमध्ये ते चित्रीकरण लोकांपुढे ठेवले. त्यात दोन माणसे दिसतात आणि त्यांच्याजवळ दोन पेट्या आहेत. एक जण गाडीपाशी थांबतो. दुसरा घराच्या दर्शनी भागाजवळ जाऊन आपली पेटी भिंतीसमोर धरतो आणि ती सावकाश इकडून तिकडे फिरवत राहतो, जणू भिंतीपलीकडचा कानोसा घेतो आहे. थोड्याच वेळात गाडीचे दार उघडते, इंजिन सुरू होते आणि गाडी निघून जाते. हे सारे सुमारे एका मिनिटात उरकते. काच फुटत नाही, भोंगा वाजत नाही, आणि चावी मात्र घरातच राहते.

हे चित्रीकरण पाहणाऱ्याचा पहिला समज असा होतो की चोरांनी गाडीचा गुप्त संकेत फोडला असला पाहिजे. तसे झालेले नसते. अशा चोरीत गाडीची सांकेतिक भाषा शाबूत राहते, चावीतली चिप शाबूत राहते, आणि त्या रात्री खरी चावीच आपल्या खऱ्या गाडीला खरे उत्तर देते. चूक आहे ती गाडीच्या एका गृहीतकात. ते गृहीतक समजले की पुढचे सगळे, म्हणजे चोरी कशी होते, उपाय कोणते आणि त्यातले कोणते फोल, हे आपोआप उलगडत जाते.

बटण दाबून कुलूप उघडणारा साधा रिमोट आणि बिनचावीची गाडी यांत मुळात फरक आहे. रिमोटमध्ये आपण बटण दाबतो तेव्हाच चावी बोलते. बिनचावीच्या गाडीत, म्हणजे आपल्याकडे जिला स्मार्ट की किंवा पुश बटन स्टार्ट म्हणतात त्या व्यवस्थेत, चावी खिशातच राहते आणि संभाषणाला सुरुवात गाडी करते. आपण दाराच्या मुठीला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे अगदी कमी वारंवारतेच्या, लहरींवरून हाक देते. या हाकेने खिशातली चावी जागी होते. गाडी तिला एक यादृच्छिक संख्या पाठवते. चावी आपल्याजवळच्या गुप्त किल्लीच्या आधारे त्या संख्येवर गणित करते आणि उत्तर दुसऱ्याच, बऱ्याच उच्च वारंवारतेवरून परत धाडते. ही वारंवारता युरोपात आणि भारतात साधारण ४३३ मेगाहर्ट्झ, तर अमेरिकेत आणि जपानमध्ये ३१५ मेगाहर्ट्झ असते. उत्तर बरोबर आले की कुलूप उघडते. इंजिन सुरू करण्याचे बटण दाबल्यावर हीच प्रश्नोत्तरे पुन्हा होतात, या वेळी गाडीच्या आत बसवलेल्या अँटेनांमधून. प्रत्येक वेळी प्रश्न नवा असल्यामुळे कालचे उत्तर चोरून आज वापरता येत नाही. इथवर रचना चोख आहे.

प्रश्न असा की चावी जवळ आहे हे गाडीला कळते कशावरून? उत्तर थोडे धक्कादायक आहे. तिला ते कळत नाही. ती तसे धरून चालते. कमी वारंवारतेची ती हाक मुद्दाम क्षीण ठेवलेली असते. एवढ्या कमी वारंवारतेला गाडीभोवती जे पसरते ते मुख्यतः चुंबकीय क्षेत्र असते, आणि त्याचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो: अंतर दुप्पट झाले तर जोर आठव्या हिश्श्यावर येतो, दहापट झाले तर हजाराव्या हिश्श्यावर. त्यामुळे दीड-दोन मीटरच्या पलीकडे चावीला हाक ऐकूच येत नाही. अभियंत्यांनी यावरून साधा निष्कर्ष काढला की ज्या चावीला हाक ऐकू आली ती जवळच असणार. कुजबुज ऐकू आली म्हणजे ऐकणारा शेजारी बसला आहे, असे मानण्यासारखेच हे झाले. मधे कोणी ती कुजबुज ऐकून मोठ्या आवाजात पुढे सांगणारा बसलेला नसेल, तोवर हा निष्कर्ष खरा ठरतो.

सोलिहलमधल्या त्या दोन पेट्या नेमके हेच काम करत होत्या. गाडीजवळची पेटी गाडीची कुजबुज टिपते आणि दुसऱ्या पेटीकडे रवाना करते. भिंतीजवळची पेटी तीच हाक जोरात पुन्हा उच्चारते. घरात खुंटीवर किंवा दाराशेजारच्या टेबलावर पडलेल्या चावीला वाटते की मालक गाडीपाशी उभा आहे, आणि ती इमानाने उत्तर देते. उत्तर उच्च वारंवारतेवर असल्याने ते मुळातच दहा-वीस मीटर किंवा त्याहूनही लांब पोहोचते. म्हणून पुष्कळदा परतीच्या वाटेसाठी चोरांना काहीच करावे लागत नाही. वीट, लाकूड, काच यांतून कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र बिनधोक पार होते. अडते ते धातूपाशी. पेट्यांना संभाषणातला एक शब्दही समजत नाही आणि समजण्याची गरजही नसते. पोस्टमनला पत्रातला मजकूर वाचता येत नसला म्हणून पत्र पोहोचायचे राहत नाही.

या युक्तीचे मर्म गणितज्ञ जॉन कॉन्वे यांनी १९७६ मध्येच एका गमतीदार कोड्यात सांगितले होते. बुद्धिबळाचे जेमतेम नियम ठाऊक असलेली एक मुलगी दोन ग्रँडमास्टरांशी एकाच वेळी पत्राने डाव मांडते. एकाशी ती पांढरी मोहरी घेते, दुसऱ्याशी काळी. एकाची खेळी आली की ती तशीच दुसऱ्याला कळवते आणि त्याचे उत्तर पहिल्याला. दोघांनाही वाटते, समोर पट्टीचा खेळाडू आहे. प्रत्यक्षात ते एकमेकांशीच खेळत असतात, आणि मुलगी एक तरी डाव जिंकते नाही तर दोन्ही बरोबरीत सोडवते. इथे ग्रँडमास्टर कितीही हुशार असले तरी फरक पडत नाही. गाडीच्या बाबतीतही म्हणूनच सांकेतिक गणित अधिक कठीण केल्याने ही चोरी थांबत नाही, आणि "आमच्या गाडीत अत्याधुनिक एन्क्रिप्शन आहे" हे विक्रेत्याचे वाक्य या प्रश्नाचे उत्तरच नव्हे.

झुरिकच्या ईटीएच या संस्थेतील ऑरेलियँ फ्रांसिलाँ, बोरिस दानेव आणि स्रजान चापकुन यांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग करून दाखवला. दहाच्या दहा गाड्या उघडल्या आणि सुरूही झाल्या. म्हणजे सोलिहलचा प्रकार घडण्याच्या सहा वर्षे आधीच हा दोष छापील स्वरूपात जगापुढे होता. त्या सहा वर्षांत लक्षावधी गाड्या त्याच दोषासह विकल्या गेल्या, आणि त्याचे खापर तंत्रज्ञानाच्या मर्यादेवर फोडता येणार नाही.

इथे वाचकाच्या मनात एक रास्त शंका येते: गाडी चालू झाल्यावर ती चावीपासून दूर जाते, मग बंद का पडत नाही? चावी दिसेनाशी झाल्याची सूचना गाडी फलकावर दाखवते, पण इंजिन बंद करत नाही, आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले आहे. चावीतला सेल संपला किंवा मधेच संपर्क तुटला म्हणून महामार्गावर भर वेगात इंजिन बंद पडले तर जिवावर बेतेल. चोराला एवढेच हवे असते. तो गाडी एका दमात सुरक्षित जागी नेतो आणि तिथे सवडीने गाडीच्या निदान-सॉकेटला, म्हणजे गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात त्या ओबीडी पोर्टला, यंत्र जोडून नवी चावी तयार करतो. नाही तर गाडीचे सुटे भाग करून विकतो.

या चोरीला एक इतिहासही आहे. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, म्हणजे चावीतल्या चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरूच होईना. तारा जोडून गाडी पळवण्याचे जुने कसब त्यामुळे निरुपयोगी ठरले. चोरांना आता खरी चावी हवी होती, आणि ती घरात असे. ब्रिटनमध्ये घराच्या दाराला पत्रे टाकण्यासाठी आडवी फट असते; त्या फटीतून टोकाला आकडा लावलेली काठी आत सारून दाराजवळ ठेवलेली चावी ओढून घेण्याचा प्रकार तिथे इतका रुळला की पोलीस लोकांना चाव्या दारापासून लांब ठेवा असे सांगत. आजच्या पेट्या म्हणजे त्याच काठीचा पुढचा अवतार, फक्त आता फटही लागत नाही.

ब्रिटनमध्येच हा प्रकार इतका का फोफावला याचेही उत्तर बरेचसे घराच्या ठेवणीत आहे. दोन मजली घर, पुढे गाडी उभी करण्यापुरती फरसबंदी, दार उघडताच अरुंद प्रवेशिका आणि तिथे चाव्यांसाठी खुंट्या किंवा वाडगे. गाडी आणि चावी यांच्यात सात-आठ मीटर आणि एक भिंत. पुण्या-मुंबईतल्या सोसायटीत गाडी तळघरात आणि चावी सातव्या मजल्यावर असते, शिवाय मधे रखवालदार आणि सिमेंटचे सात-आठ थर; तिथे पेटीवाल्याची गोची होते. पण नाशिक-कोल्हापूरकडच्या बंगल्यात, रो-हाउसमध्ये किंवा गोव्यातल्या घरात परिस्थिती ब्रिटनसारखीच आहे. आणि चावी घरातच असली पाहिजे असेही नाही. मॉलमध्ये बिलाच्या रांगेत आपल्यामागे बॅग घेऊन उभा राहिलेला माणूस हेच काम करू शकतो, कारण चावी तेव्हा आपल्या खिशात असते आणि गाडी वाहनतळावर.

यावरचा खरा उपाय अंतर मोजणे हा आहे, आणि अंतर मोजायचे तर वेळ मोजावा लागतो. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. मधे कोणी निरोप पोहोचवत असेल, तर त्याने कितीही घाई केली तरी लहरीला ते जास्तीचे अंतर कापावेच लागते. प्रकाशाच्या वेगापुढे चोराचे काही चालत नाही. हा विचार स्टेफान ब्रँड्स आणि डेव्हिड चाउम यांनी १९९३ मध्ये शास्त्रशुद्ध रीतीने मांडला होता. अडचण अशी की जुन्या पद्धतीत कमी वारंवारतेच्या हाकेलाच कित्येक मिलिसेकंद लागतात, आणि एका मिलिसेकंदात लहर ३०० किलोमीटर जाते. ज्या घड्याळाला फक्त तासकाटा आहे त्यावर शर्यतीतले सेकंद मोजता येत नाहीत. त्यासाठी अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी, हे तंत्र वापरतात. त्यात किमान ५०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यावर अतिशय आखूड स्पंद पाठवले जातात, इतके आखूड की त्यांच्या येण्याजाण्याचा वेळ नॅनोसेकंदाच्या अंशापर्यंत मोजून चावीचे अंतर काही सेंटिमीटरच्या अचूकतेने काढता येते.

जर्मनीतील एडीएसी ही दोन कोटींहून अधिक सदस्य असलेली वाहनचालकांची संघटना अनेक वर्षे स्वतःच्या पेट्या घेऊन नव्या गाड्या तपासते आहे. २०१९ च्या आरंभी तिने तपासलेल्या २३७ मॉडेलांपैकी २३० उघडताही आली आणि सुरूही करता आली. चार गाड्यांत यापैकी एकच गोष्ट साधली. फक्त तीन मॉडेले पेट्यांना पुरून उरली, आणि ती तिन्ही जग्वार लँड रोव्हरची होती, म्हणजे टाटा मोटर्सने २००८ मध्ये विकत घेतलेल्या कंपनीची. त्यांत यूडब्ल्यूबी चावी होती. मराठी वाचकाला यात थोडे सुख वाटले तर ते साहजिक आहे, पण गोष्ट इथे संपत नाही. याच कंपनीच्या त्याआधीच्या रेंज रोव्हर गाड्या ब्रिटनमध्ये चोरांच्या इतक्या आवडीच्या होत्या की पुढे लंडनमधल्या मालकांना विमा मिळणे मुश्कील झाले, आणि २०२३ मध्ये कंपनीने जुन्या गाड्यांची सुरक्षा सुधारण्यासाठी एक कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली. नवा दरवाजा भक्कम केला म्हणून जुन्या घराचा दरवाजा बदलत नाही, आणि गाडी तर रस्त्यावर पंधरा वर्षे राहते.

यूडब्ल्यूबी बसवले म्हणजे काम झाले, असेही नाही. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये हे तंत्र आले होते, तरी २०२४ मध्ये चीनमधील संशोधकांनी जुन्याच रिले पद्धतीने, म्हणजे पेट्यांतून निरोप पुढे पोहोचवून, ती गाडी उघडून दाखवली, कारण कुलूप उघडायचे की नाही हे ठरवताना गाडी त्या अंतराची दखलच घेत नव्हती. मोजायची फीत खरेदी करून कपाटात ठेवली तर कापडाची लांबी कळत नाही. मोबाइल हीच चावी म्हणून वापरणाऱ्या ब्लूटूथ पद्धतीलाही निरोप्याची हीच बाधा होते. एनसीसी ग्रुप या सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये ते सिद्ध केले. फीत खरेदी करून कपाटात ठेवली तर कापडाची लांबी कळत नाही.

आता चोरीच्या दुसऱ्या वाटेकडे वळतो, कारण तिच्यापुढे वर सांगितलेले सगळे गैरलागू ठरते. लंडनमध्ये राहणारे इयान टेबर हे स्वतः मोटारींच्या सुरक्षेचे संशोधक. २०२२ मध्ये त्यांच्या टोयोटा आरएव्ही४ गाडीचा पुढचा बंपर कोणी तरी ओढलेला आणि हेडलाइटची वायर निघालेली त्यांना आढळली. वाटले, टवाळखोरांचे काम असेल. काही काळाने तसेच पुन्हा घडले, आणि जुलैमध्ये गाडीच गेली. टेबर यांनी गाडीने कंपनीच्या सर्व्हरला पाठवलेल्या बिघाडांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चोरीच्या वेळी एकामागून एक यंत्रणांनी तक्रारी नोंदवलेल्या दिसल्या. पुढे केन टिंडेल या तज्ज्ञाबरोबर त्यांनी चोरांचे उपकरणच मिळवून उघडले. वरून तो साधा ब्लूटूथ स्पीकर दिसत होता.

हे उपकरण चावीशी बोलतच नाही. आजच्या गाडीत इंजिन, दारे, दिवे, ब्रेक अशा प्रत्येक भागाला आपापला छोटा संगणक असतो आणि हे सगळे कॅन बस नावाच्या सामायिक तारांवरून एकमेकांना निरोप देतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणलेली ही व्यवस्था ज्या काळात घडली, त्या काळी या तारेवर बाहेरचा कोणी येईल हे कोणाच्या मनात नव्हते. त्यामुळे निरोप कोणी पाठवला हे तपासण्याची सोयच तिच्यात नाही. तारेवर जे येते ते घरच्याचेच मानले जाते. हेडलाइटही याच जाळ्याचा भाग आहे, आणि हेडलाइटच्या वायरपर्यंत बाहेरून हात पोहोचतो. चोर तिथे आपले उपकरण जोडून "चावी तपासली, बरोबर आहे" असा खोटा निरोप तारेवर सोडतो. चावी तिजोरीत ठेवलेली असो वा परगावी, गाडीला फरक पडत नाही. याचा बंदोबस्त मालकाच्या हाती नाही. निरोपांवर सांकेतिक सही आणणे किंवा बाहेरच्या तारा आतल्या महत्त्वाच्या जाळ्यापासून वेगळ्या करणे, ही कंपनीनेच करायची कामे आहेत.

तिसरा प्रकार, म्हणजे गुप्त संकेत खरोखरच फोडून चावीची नक्कल करण्याचा, आता तुलनेने कमी महत्त्वाचा उरला आहे. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये टेस्ला मॉडेल एसची चावी काही सेकंदांत नकलून दाखवली, कारण तिच्यातली गुप्त किल्ली अवघ्या ४० बिटांची होती.

मग मालकाने काय करावे? रिले चोरीपुरता सर्वांत स्वस्त उपाय धातूचे अस्तर असलेल्या पाकिटाचा आहे. लहरी आत शिरत नाहीत, म्हणून चावीला हाक ऐकू येत नाही. मात्र पाकीट घेतले आणि निश्चिंत झालो असे करू नये. चावी पाकिटात घालून गाडीपाशी जावे, पाकीट दाराला टेकवावे आणि मूठ ओढून पाहावी. दार उघडले तर ते पाकीट निव्वळ बटवा आहे. वापराने अस्तराला घडीपाशी चिरा पडतात, तेव्हा ही परीक्षा दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावी. घरातला बिस्किटांचा पत्र्याचा डबाही चालतो, झाकण घट्ट बसत असेल तर. त्याचीही परीक्षा तशीच. आणि दुसरी चावी विसरू नये. रोजची चावी पाकिटात आणि जादा चावी दाराजवळच्या खणात मोकळी, ही चूक अगदी सर्रास होते, आणि गाडीला दोन्ही चाव्या सारख्याच प्रिय असतात.

काही कंपन्यांनी चावीत हालचाल ओळखणारा संवेदक बसवला आहे. चावी काही मिनिटे निश्चल पडून राहिली की ती झोपते आणि कोणाच्याच हाकेला ओ देत नाही. रात्रीच्या चोरीवर हा चांगला तोडगा आहे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातली चावी मात्र जागीच असते. पुष्कळ गाड्यांत बिनचावीची सोय मेनूमधून बंद करता येते, आणि गाडीबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तिकेचे ते एक पान तरी वाचण्याजोगे आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी पिन मागण्याची सोय असेल तर ती अवश्य चालू करावी, कारण ती रिले आणि नक्कल दोन्हींना अडवते. आणि स्टिअरिंगला लावायचा जुना लोखंडी दांडा, ज्याला आता अडगळीत जागा मिळते, तो या सगळ्या विद्येला पुरून उरतो, कारण त्याला रेडिओ समजत नाही. तो कापता येतो, पण कापायला वेळ लागतो आणि आवाज होतो, आणि एका मिनिटात काम उरकणाऱ्या माणसाला नेमक्या याच दोन गोष्टी नको असतात.

कायदाही आता जागा होतो आहे. इंग्लंड आणि वेल्समधील वाहनचोऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के प्रकरणांत अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरली जातात, असे ब्रिटिश सरकार सांगते. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या संसदेत आलेल्या विधेयकात असे उपकरण बाळगणे किंवा विकणे हाच गुन्हा ठरवून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद सुचवली गेली. तोवर ते उपकरण अमुक एका चोरीत वापरल्याचे पोलिसांना सिद्ध करावे लागत असे.

आपल्याकडच्या मालकाला यातली एक गोष्ट वेगळीच लागू पडते. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी एफआयआर आणि तपास न लागल्याच्या पोलिसी दाखल्याबरोबर गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते. चावी गाडीतच विसरून मालकाने हलगर्जीपणा केला नव्हता ना, हे त्यावरून पाहिले जाते. बिनचावीच्या चोरीत दोन्ही चाव्या मालकापाशीच राहतात, म्हणून त्या जपून ठेवाव्यात. त्यातली एक कधी हरवली असेल तर त्याची तक्रार आणि नवी चावी केल्याची पावती यांचे कागद तेव्हाच फाइलला लावावेत. पंचनाम्याच्या वेळी फुटकी काच किंवा मोडके कुलूप दाखवता येणार नाही, त्यामुळे सोसायटीच्या कॅमेऱ्यातले चित्रीकरण पुसले जाण्याआधी, म्हणजे पहिल्या दोन-चार दिवसांतच, मागून घ्यावे.